दमा असताना गाण्यात करिअर: पंप, रियाज आणि पोटापाण्याचं गणित

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय चोवीस, लहानपणापासून दमा. गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही गाण्याची परीक्षा झाली आहे, त्यापुढच्या अलंकारची तयारी चालू आहे, सांगलीत गुरुजींकडे नियमित तालीम. 'पंपाने आवाज बसतो' असं कुणीतरी सांगितल्यामुळे रोजचा पंप काही महिन्यांपासून बंद आहे, दम लागला की फक्त निळा पंप घेतला जातो. पहाटे पाचच्या खर्जाच्या, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वरांच्या रियाजात खोकल्याची उबळ येते. यंदा दिवाळी पहाटचं बोलावणं आलं आहे. घरचे म्हणतात, बँकेच्या परीक्षा दे. विचारलं आहे ते असं: पंप कायमचा सोडावा का, आयोजकांना आजाराचं सांगावं का, आणि हे दुखणं घेऊन गाण्यावर पोट भरेल का?

मी स्वतः शाळकरी वयापासून दम्याची पेशंट आहे आणि गेली पंचवीस-तीस वर्षं गाते, शिकवते. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाचं नाव आणि मात्रा तुझ्या छातीच्या डॉक्टरांकडूनच घे. बाकीचं सांगते.

पंपापासून सुरुवात करू, कारण तो प्रश्न सुटल्याशिवाय बाकीच्या प्रश्नांना अर्थ नाही. आज डॉक्टरांना फोन कर, रोजचा पंप बंद केल्याचं सरळ सांग आणि तो पुन्हा कसा सुरू करायचा ते विचार. गाणाऱ्यांच्या जगात पंपाबद्दल जी भीती आहे ती पूर्ण खोटी नाही. रोजच्या पंपात स्टिरॉइड असतं, त्यातला काही भाग फुप्फुसात न जाता घशात आणि स्वरयंत्रावर बसतो, आणि काही जणांचा आवाज त्याने घोगरा होतो. तोंडात पांढरी बुरशीही येऊ शकते. पण पंप सोडला की आवाज वाचतो, हा हिशोब चुकतो. आवाजाचं सगळ्यात मोठं नुकसान करतो तो खोकला. खोकताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. पहाटे अर्धा तास खोकून मग खर्ज लावायचा म्हणजे सुजलेल्या तंतूंवर मेहनत करायची. शिवाय दमा आटोक्याबाहेर गेला की गोळ्यांच्या रूपात स्टिरॉइड घ्यावं लागतं, आणि त्याची मात्रा पंपातल्या मात्रेच्या कितीतरी पट असते. पंपाला घाबरून शेवटी पोटात जातं ते जास्तच.

फक्त निळ्या पंपावर दिवस काढणं तर आता जगभर चुकीचं मानलं जातं. दम्याच्या उपचाराची दिशा ठरवणाऱ्या 'जीना' या आंतरराष्ट्रीय मंडळाने २०१९ पासून स्पष्ट म्हटलं आहे की मोठ्या माणसांनी एकट्या सालब्युटामॉलवर, म्हणजे निळ्या पंपातल्या औषधावर, राहू नये. निळा पंप श्वासनळ्या तात्पुरत्या उघडतो, आतली सूज तशीच राहते. तीच सूज तुझ्या तानेचा शेवट खाते.

आवाज घोगरा होऊ नये म्हणून करण्यासारखं पुष्कळ आहे. पंप घेतल्यावर गुळण्या करून पाणी थुंकायचं, दर वेळी, कंटाळा न करता. फवाऱ्याचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंपाच्या तोंडाशी जोडायची पोकळ नळी, लावायचा. त्याने तोंडात आणि घशात बसणारं औषध बरंच कमी होतं, आवाजात मात्र प्रत्येकाला सारखाच फरक पडतो असं नाही. पावडरीचा पंप काही जणांच्या घशाला टोचतो, त्यांना डॉक्टर फवाऱ्याचा बदलून देतात. सिक्लेसोनाइड नावाचं एक औषध आहे, ते फुप्फुसात पोचल्यावर कामाला लागतं, त्यामुळे घशाला त्रास कमी होतो. ते तुला चालेल का हे विचारून घे. आणि 'मी गाते, आवाज हे माझं काम आहे' हे वाक्य डॉक्टरांसमोर उच्चार. ते न सांगता माणसं बाहेर येतात आणि मग डॉक्टरांनी विचारच केला नाही म्हणतात.

पंप घेण्याची पद्धतही तपासून घे. हे मी शिकवताना मुद्दाम बघते. गाणाऱ्या मुली पंपसुद्धा तान घ्यायच्या आधीचा श्वास घ्यावा तसा झटक्यात ओढतात. दोन आवर्तनांच्या फटीत चटकन श्वास भरायची सवय हाडात मुरलेली असते ना. फवाऱ्याच्या पंपाला नेमकं उलट लागतं: हलवायचा, आतली हवा पूर्ण सोडायची, मग ओढायला सुरुवात करतानाच फवारा उडवून सावकाश, लांबवत ओढायचा, विलंबितातला आलाप भरावा तसा, आणि दहा सेकंद धरून ठेवायचा. झटक्यात ओढलं की औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि तिथेच बसतं. पावडरीच्या पंपाला मात्र जोरात ओढावं लागतं. एका मुलीच्या घोगरेपणाचं कारण कितीतरी दिवस औषधात शोधत होते, आणि तिने माझ्यासमोर पंप ओढून दाखवला तेव्हा ते हातात सापडलं. फवाऱ्यानंतर तिच्या तोंडातून औषधाचा ढग बाहेर येताना चक्क दिसत होता.

निदान पक्कं आहे का, हेही एकदा बघ. लहानपणी 'बाळदमा' म्हटलं आणि तेच पुढे चालू राहिलं, असं खूप होतं. स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून घे. औषधाआधी आणि औषधानंतर फुंकायला लावतात, दोन्हींत किती फरक पडतो त्यावरून कळतं. गाणाऱ्यांना आणखी एक त्रास होऊ शकतो, त्यात श्वास आत घेताना स्वरतंतू उघडण्याऐवजी जवळ येतात. गळ्यापाशी आवळल्यासारखं होतं, घरघर आत घेताना येते आणि पंपाचा उपयोग होत नाही. तो दमा नव्हे, किंवा दम्याच्या जोडीला असतो. त्यावर इलाज स्पीच थेरपिस्टकडे आहे. तसंच आम्लपित्त. मैफल संपवून रात्री अकराला मिसळ-भजी खाऊन आडवं व्हायचं, पहाटे आम्ल घशापर्यंत यायचं आणि खोकला, असा क्रम आपल्या धंद्यात घरोघरी आहे. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवून बघ, कदाचित पहाटेचा अर्धा खोकला त्यानेच जाईल.

घरगुती उपायांबद्दल तू विचारलं नाहीस, पण लोक सांगितल्याशिवाय राहणार नाहीत. कोजागरीच्या दुधातून मिळणारं औषध, हैदराबादला मृगाच्या सुमाराला गिळायचा मासा, कुणाच्या तरी मामांकडची बिनलेबलाची पुडी. पुडीपासून विशेष सांभाळ. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, म्हणून तर 'दोन दिवसांत आराम' पडतो. ज्येष्ठमध, खडीसाखर तोंडात धरायला हरकत नाही. वाफ घ्यायचीच तर साध्या पाण्याची घे. निलगिरी, कापूर, बाम घातलेल्या वाफेने दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो.

आता रियाज. पहाटे पाचला खर्ज लावण्याची परंपरा मला मान्य आहे, माझ्याही गुरूंनी तेच सांगितलं. पण दम्याच्या माणसाच्या श्वासनळ्या चोवीस तासांत सगळ्यात अरुंद असतात त्या पहाटे चारच्या आसपास. गुरुजींना हे शांतपणे सांग. 'रियाज टाळते' असा त्यांचा समज होऊ द्यायचा नाही, म्हणून नुसती वेळ बदलून मागू नकोस, बदल्यात काय करणार तेही सांग. उठल्यावर रोजचा पंप, गुळण्या, कोमट पाणी, थोडं चालणं, आणि साडेसात-आठला खर्ज. सलग दीड तासाऐवजी वीस-पंचवीस मिनिटांच्या बैठका, दिवसात तीन-चार. खर्जात एक मोठा श्वास संपेपर्यंत षड्ज धरायचा हट्ट सोड. स्वर सुरेल आणि गोल आहे तोवर धर, डगमगायच्या आधी सोड. दमसास वाढतो तो अशा वेळेवर सोडलेल्या श्वासांनी. शेवटचा थेंब पिळल्याने फक्त मान आखडते.

इथे एक तांत्रिक गोष्ट आहे, ती दमेकरी गायकाला कुणीच शिकवत नाही, कारण शिकवणाऱ्याला दमा नसतो. आपली अडचण श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडण्यात जास्त असते. अरुंद नळ्यांतून हवा पूर्ण बाहेर पडत नाही. द्रुत बंदिशीत आपण अर्धवट सोडलेल्या हवेवर वरून छोटे छोटे श्वास भरत जातो. चार आवर्तनांनी छाती भरलेली असते आणि तरी 'श्वास नाही' असं वाटतं, मग आणखी भरायला जातो. अशा वेळी समेवर आल्यावर श्वास घेऊ नकोस, आधी सोड. ओठ किंचित मिटून, शिट्टी घालतो तसे करून, उरलेली हवा जाऊ दे, तेवढ्यात पेटीला ओळ भरू दे, आणि मग घे. हे बसवायला वेळ लागतो, म्हणून मी मुलींना बंदिशीच्या वहीत श्वास घ्यायच्या जागी टिंब आणि सोडायच्या जागी आडवी रेघ मारायला लावते. मोठा अवकाश असेल तिथे नाकाने घ्यायचा. थंड कोरडी हवा तोंडाने सारखी ओढली की नळ्या आवळतात.

आपलं सुदैव असं की ख्यालगायकी या बाबतीत मोकळी आहे. विलंबित एकतालात श्वास कुठे घ्यायचा हे गाणारा ठरवतो. तुटक, छोट्या आकृतींतून राग उभा करता येतो आणि त्यात कमीपणा काही नाही. नाट्यगीतात मात्र चाल ठरवते, शब्द ठरवतो, आणि ती चाल ऐकणाऱ्याच्या कानात इतकी पक्की असते की जागा बदलली की समोरचा माणूस लगेच मान हलवतो, नकारार्थी. म्हणून कार्यक्रमाचा क्रम लावताना मोठ्या दमसासाची नाट्यगीतं मी सुरुवातीच्या तिसऱ्या-चौथ्या जागी ठेवते, गळा तापलेला आणि छाती दमलेली नाही अशा वेळी. शेवटी भैरवी, तिथे श्वासाला जागा मिळते.

वाईट दिवशी पट्टी, म्हणजे पेटीवरच्या ज्या सुरातून गातेस तो 'सा', उतरव. काळी पाचला गातेस ना? मग अंगात बरं नसताना पांढरी पाच किंवा काळी चारला गाऊन बघायची सवय घरी आत्तापासून लाव, म्हणजे ऐन वेळी गळा परका वाटणार नाही. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि पेटी लगेच बदलतात, अडतं ते तबल्यापाशी. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, थोडाच उतरतो, त्याहून खाली नेला की बद्द बोलायला लागतो. वेगळा तबला आणावा लागतो. म्हणून तबलजींना आदल्या दिवशी दुपारीच फोन: 'दादा, खालच्या पट्टीचाही तबला सोबत असू दे.' एवढं एक वाक्य. आणि मागे तानपुऱ्यावर गाणारी एखादी गुरुभगिनी कायम ठेव. ती प्रथा आपल्याकडे आहेच, तिचा उपयोग कर. खोकला आला तर ती स्वर धरते, तू मान वळवून पाण्याचा घोट घेतेस, ऐकणाऱ्याला ती साथच वाटते.

निळ्या पंपाबद्दल एक सूचना. डॉक्टरांनी कार्यक्रमाआधी घ्यायला सांगितला असेल तर दहा-पंधरा मिनिटं आधी घे, पडदा उघडताना नको. त्याने छाती धडधडते, हात किंचित थरथरतात. धडधडत्या छातीला मध्यलयसुद्धा रेंगाळल्यासारखी वाटते आणि आपण लय नकळत चढवतो. तबलजींना सांगून ठेवायचं की पहिल्या पंधरा मिनिटांत मी लय मागितली तरी देऊ नका. आणि कार्यक्रमाच्या दिवशी 'आवाज मोकळा करायला' स्टिरॉइडचं इंजेक्शन घेणारे लोक तुला भेटतील. गळा काही तास छान वाटतो, सूज उतरते, दुखणं कळत नाही, आणि न कळल्यामुळे माणूस जास्त ताण देतो. त्यात तंतूंत रक्तस्राव झाला तर आवाज महिनेच्या महिने जातो. आवाजाच्या डॉक्टरांनी तपासून, गरज पडली म्हणून दिलं तर गोष्ट वेगळी.

कुमार गंधर्वांचं उदाहरण लोक तुझ्यापुढे ठेवतील, म्हणून त्याविषयी बोलते. कुमारजी १९४८ मध्ये देवासला राहायला गेले ते क्षयासाठी. गाणं बंद करायला सांगितलेलं, एक फुप्फुस जवळपास निकामी झालेलं, आणि १९५३ च्या सुमाराला ते पुन्हा मैफलीत आले. छोट्या, टोकदार, झेप घेणाऱ्या फिरती पुढे त्यांच्या गाण्याची ओळख झाल्या. त्यात त्या छातीचा वाटा किती आणि त्यांच्या बुद्धीचा किती, यावर जाणकार अजून वाद घालतात. मला त्या कथेतला लोक गाळतात तो भाग महत्त्वाचा वाटतो. ती जवळपास पाच वर्षं ते 'जिद्दीने गात' नव्हते, गात नव्हतेच. पडून होते, औषध घेत होते. स्ट्रेप्टोमायसीन तेव्हा नवं होतं. पत्नी भानुताई शुश्रूषेला होत्या. आणि पडल्या पडल्या ते माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकत होते, त्यांतून पुढे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग आले. म्हणजे उपचार पुरा, घरी माणूस, आणि गळा बंद असताना कान चालू. शिवाय क्षय बरा होतो, दमा आयुष्यभर सोबत राहतो. 'कुमारांनी एका फुप्फुसावर केलं, तुला काय झालं' असं जो म्हणेल त्याच्याशी वाद घालू नकोस, चहा पाज.

प्रत्येक आजार गाण्या-वाजवण्याला जागा देतोच असंही नाही. चेलोवादक जॅकलिन द्यू प्रे यांना मल्टिपल स्क्लेरोसिस झाला, १९७३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी वादन थांबलं, पुढे त्या शिकवत राहिल्या. पियानिस्ट लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात साठच्या दशकात बिघडला. त्यांनी फक्त डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवल्या, वाद्यवृंदाचं संचालन केलं, शिकवलं, आणि कित्येक वर्षांच्या उपचारांनंतर दोन्ही हातांनी पुन्हा वाजवलं. त्या मानाने आपला दमा समजूतदार म्हणायचा. नीट औषध घेतलं तर बहुतेकांना तो बराचसा आवरता येतो.

आयोजकांना सांगायचं का, याचं माझं उत्तर माणसागणिक वेगळं आहे. साथीदारांना सगळं सांग. पंप कुठल्या पिशवीत, कुठल्या कप्प्यात, किती फवारे द्यायचे, कधी गाडी काढायची. माझा एक पंप पेटीवाल्यांच्या पिशवीत असतो, कारण माझी पर्स ग्रीनरूममध्ये राहते आणि पेटी स्टेजवर. आयोजकांना मात्र निदान सांगायची गरज नाही, गरजा सांगायच्या. 'मला धुराची ॲलर्जी आहे, स्टेजवर उदबत्ती, धूप, कापूर, स्मोक मशीन चालणार नाही. जाजम आणि गाद्या आदल्या दिवशी झटकून घ्या, कार्यक्रमाच्या आधी तासभर झटकू नका.' हे मेसेजवर लिहून पाठवायचं, तोंडी नाही. एकदा एका आयोजकांना मी मोकळेपणाने दम्याचं सगळं सांगितलं, तर पुढच्या वर्षी परस्पर दुसरी गायिका घेतली आणि मला कळवलं की 'तुमच्या तब्येतीच्या काळजीपोटी'. त्या वर्षी माझी तब्येत ठणठणीत होती. तेव्हापासून गरजांची यादी जाते, त्यामागचं कारण जात नाही. समईला मी आडकाठी करत नाही. दीपप्रज्वलन झालं की तिची जागा कडेला, एवढंच.

दिवाळी पहाट स्वीकारावीस असं मला वाटतं, पण डोळे उघडे ठेवून. आपल्याकडच्या गायकांचं वर्षाचं बरंच गणित या चार दिवसांवर असतं, आणि दमेकऱ्याला यापेक्षा वाईट वेळ शोधून सापडायची नाही: पहाटेची वेळ, थंडी, उघडं मैदान, जमिनीलगत साचलेला फटाक्यांचा धूर, वर पहिल्या रांगेतून अत्तराचे लोट. चार दिवस चार गावं घेऊ नकोस. पहिल्या वर्षी एकच घे, जमलं तर बंद सभागृहातला. उघड्यावरचा असेल तर कार्यक्रम संपेपर्यंत आवारात फटाके नाहीत, हे आधी ठरवून घे. आदल्या रात्री घरच्या खिडक्या बंद, प्रवासात मास्क, नाका-तोंडावर मफलर. गाण्याच्या तासभर आधी पोच, आणि वाट बघायची ती बंद खोलीत. मॉनिटरचा, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरचा, आवाज आपल्याला पुरेसा आहे का ते साउंड चेकमध्येच बघ. स्वतःचं गाणं ऐकू आलं नाही की माणूस ओरडतो, आणि उघड्यावर ओरडणं दम्याला महागात पडतं.

पीक फ्लो मीटर घे. श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारं साधं नळीसारखं यंत्र आहे, फार महाग नाही. बरं असताना रोज फुंकून स्वतःचा सगळ्यात चांगला आकडा काढून ठेव. आकडा त्याच्या ऐंशी टक्क्यांखाली गेला की डॉक्टरांनी लिहून दिलेल्या योजनेप्रमाणे औषध वाढवायचं आणि त्या दिवशी नाट्यगीतांची यादी छोटी करायची. पन्नास टक्क्यांखाली, किंवा एक वाक्य एका श्वासात बोलता येत नसेल, किंवा निळ्या पंपाने उतार पडत नसेल, तर सरळ हॉस्पिटल. मग समोर कितीही मोठी बैठक असो. काहींचा दमा पाळीच्या आधीच्या दिवसांत वाढतो, आकडे लिहिलेस तर तेही कळेल आणि तारखा देताना उपयोगी पडेल.

ऐन वेळी गाता आलं नाही तर काय, हे तारीख घेतानाच ठरव. माझी दोन गायिकांशी देवाणघेवाण आहे. त्यांच्यावर वेळ आली की मी उभी राहते, माझ्यावर आली की त्या. आयोजकांना मी नाव आधीच देऊन ठेवते, आगाऊ रक्कम परत करायची अट लिहून ठेवते. अशी सोय असलेल्या गायकाला लोक दुसऱ्यांदा बोलावतात. आयोजकाला आजाराचा राग नसतो, रिकाम्या स्टेजची धास्ती असते.

आता पोटाचं. नुसत्या मैफलींवर धडधाकट माणसांचंही भागत नाही, मग आपण तरी त्या एका खांबावर घर का बांधावं? शिकवण्या हा पाया धर. पण सलग पाच तास गटाला गाऊन दाखवणं मैफलीपेक्षा जास्त थकवतं, म्हणून दोन बॅचच्या मध्ये अर्धा तास मोकळा ठेव आणि प्रत्येक ओळ स्वतः गाऊन देण्याऐवजी पेटीवर देत जा. मुलांचे कान तयार होतात, तुझी छाती वाचते. परदेशातल्या मराठी घरांतून ऑनलाइन शिकणारे मिळतात. तिथे इंटरनेटच्या विलंबामुळे एकत्र गाताच येत नाही, आळीपाळीने गावं लागतं. म्हणजे अर्धा वेळ तुला सक्तीची विश्रांती. धूळ नाही, प्रवास नाही. मला ते आवडतं, माझ्या पिढीतल्या बऱ्याच जणांना आवडत नाही. आकाशवाणीची ऑडिशन दे, ग्रेड मिळाली तर बंद, स्वच्छ स्टुडिओत गाणं हे आपल्यासाठी वरदान आहे. चाली बांधत असशील तर आयपीआरएसचं आणि गायिका म्हणून इसम्राचं, म्हणजे रॉयल्टी गोळा करून देणाऱ्या संस्थांचं, सभासदत्व बघून ठेव. रॉयल्टी सुरुवातीला चहापाण्यापुरती असते, पण ती आजारी असतानाही येते.

आणि आरोग्य विमा, लगेच. आपल्याला कंपनीचा गटविमा नाही, स्वतःचाच काढावा लागतो. दमा लपवू नकोस, एजंट 'लिहू नका' म्हणाला तरी. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांप्रमाणे आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते, पूर्वी ४८ होते. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालल्यावर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय माहिती दडवल्याच्या नावाखाली दावा नाकारता येत नाही. म्हणजे चोवीसाव्या वर्षी खरं सांगून काढलेली पॉलिसी सत्ताविसाव्या वर्षी दम्यालाही लागू झालेली असेल. लपवून काढलीस तर नेमकी गरज पडेल तेव्हाच फाइल उघडली जाईल. रोजचे पंप विम्यात सहसा बसत नाहीत, तो खर्च महिन्याच्या किराण्यासारखा धरायचा. जन औषधी दुकानात काही पंप स्वस्तात मिळतात, डॉक्टरांना विचारून घे, कारण यंत्र बदललं की ओढायची पद्धतही बदलते.

बँकेच्या परीक्षेबद्दल मला आई-बाबांच्या बाजूने थोडं बोलायचं आहे. पगार, रजा आणि विमा देणारी नोकरी दमेकरी गायिकेच्या गाण्याची शत्रू नसते. महाराष्ट्रात बँकेत, शाळेत, आकाशवाणीत नोकरी करून उत्तम गायलेल्यांची कमी नाही. पण दूरच्या गावी बदली, संध्याकाळी सातपर्यंत काउंटर आणि गुरुजींची तालीम बंद, हे होणार असेल तर घाई करू नकोस. घरी असा प्रस्ताव ठेव: दोन वर्षं शिकवण्या, अलंकार आणि आकाशवाणीची ऑडिशन, आणि त्या काळात विम्याचा हप्ता व औषधांचा खर्च माझ्या कमाईतून. दोन वर्षांनी वही घेऊन बसू. किती तारखा घेतल्या, किती चुकल्या, किती पैसे उरले. दमा आटोक्यात ठेवून चुकलेल्या तारखा थोड्या निघाल्या तर त्यांच्या काळजीतली निम्मी हवा तिथेच जाईल. जास्त निघाल्या तर शिकवणं आणि ध्वनिमुद्रण वाढवून मैफली निवडक ठेवायच्या. तेही गाण्यातलंच करिअर आहे, आणि मी ओळखते त्यांतले कित्येक चांगले गुरू तसेच घडले.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: डॉक्टरांची वेळ, स्पायरोमेट्री, आणि नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीतून स्वरतंतूंची तपासणी. त्याचं रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर मागून घे, पुढे कधी आवाज बिघडला तर तुलना करायला बरं असताना काढलेलं चित्र हातात हवं. स्पायरोमेट्रीच्या आधी कुठला पंप किती तास बंद ठेवायचा हे वेळ घेतानाच विचार, नाहीतर परत पाठवतात.